गाडी धुवायची कशी: बादलीनं, पाइपानं की मशीननं?

बचत गटाच्या कार्यक्रमात आज गाडी धुण्याची गोष्ट कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. आपल्यातल्या बहुतेकींच्या दारात चारचाकी नाही. पण गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात आमच्यापुढे आल्या. आकुर्डीतल्या एका गटातल्या ताई सकाळी एका सोसायटीत सात गाड्या धुतात. त्या सोसायटीनं फलक लावला, की आता पाइप लावून गाडी धुवायची नाही. दोन-तीन मालकांनी तर सांगूनच टाकलं, की आम्ही गाडी मशीनवर धुऊन आणू. ताई बैठकीत आल्या त्या रडवेल्या होऊन. "माझं काम गेलं का हो?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसरी गोष्ट चाकणच्या बाजूच्या एका गावातली. तिथल्या गटाला रस्त्याकडेला वॉशिंग सेंटर टाकायचं आहे. मशीन विकणारा माणूस येऊन गेला. "ऑटोमॅटिक घ्या, बाई माणसाला कष्ट नाहीत, पाणी वाचतं," असं सांगून गेला. गटानं आम्हाला विचारलं, कर्ज काढावं का?

एका ताईंचा रोजगार आणि एका गटाचं कर्ज, दोन्ही एकाच प्रश्नावर अडलेलं. मग आम्ही बसून हिशेब केला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी पाणी मोजू

पाणी किती लागतं, हे अंदाजानं सांगू नये, मोजावं. मोजायला फक्त एक बादली आणि घड्याळ लागतं. आम्ही त्या सोसायटीच्या नळाला लावलेला पाइप 20 लिटरच्या बादलीत धरला. बादली भरायला सव्वा मिनिट लागलं. म्हणजे मिनिटाला 16 लिटर. एक गाडी धुताना पाइप मिळून बारा मिनिटं चालू राहिला. 16 गुणिले 12, झाले 192 लिटर. सोपं जावं म्हणून आपण 190 धरू. यातलं बरंचसं पाणी गाडीवर पडलंच नाही. ताई टायर घासत होत्या तेव्हा पाइप जमिनीवर वाहत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच ताईंनी तीच गाडी 15 लिटरच्या तीन बादल्यांत धुतली. 45 लिटर. गाडीत काही फरक दिसला नाही, मालकालाही दिसला नाही.

आता सात गाड्यांचा हिशेब करा. पाइपानं सात गाड्यांना 1,330 लिटर लागतात. बादलीनं 315 लिटर. एका सकाळी 1,015 लिटरचा फरक. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी मिळावं असं ठरलेलं आहे. त्या मापानं हे अठरा माणसांचं दिवसभराचं पाणी झालं. आंघोळ, स्वयंपाक, भांडी, कपडे, सगळं त्यात आलं.

वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशर पंप असतो. त्याचा आवाज मोठा, फवारा जोराचा, म्हणून पाणीही फार लागत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात लहान पंप मिनिटाला सहा ते दहा लिटर पाणी टाकतो, कारण तोंड अगदी बारीक असतं. पाणी जोरानं येतं, जास्त येत नाही. बंदुकीचा खटका सोडला की पाणी थांबतं, हा आणखी एक फायदा. आठ मिनिटं चालवला तर साठ-पासष्ट लिटरमध्ये गाडी होते. चिखलानं माखलेली गाडी असेल तर मात्र वेळ वाढतो आणि पाणीही वाढतं.

ऑटोमॅटिक मशीन म्हणजे नेमकं काय

ही मशीनं दोन प्रकारची असतात. एका प्रकारात गाडी जागेवर उभी राहते आणि मोठी कमान तिच्यावरून पुढं-मागं फिरते. दुसऱ्या प्रकारात गाडी पट्ट्यावरून हळूहळू बोगद्यातून सरकते आणि कमानी जागच्या जागी असतात. क्रम दोन्हीकडे साधारण सारखाच. आधी पाण्याचा फवारा मारून धूळ भिजवायची, मग फेस टाकायचा, मग नायलॉनचे, फोमचे किंवा कापडाचे गोल फिरणारे ब्रश अंगाला लावायचे, मग स्वच्छ पाणी, मग चकाकीचं द्रव, आणि शेवटी पंख्याच्या वाऱ्यानं सुकवायचं. काही मशीनांत ब्रशच नसतो, फक्त पाण्याचा आणि रसायनाचा जोर असतो.

आता "पाणी वाचतं" हे खरं का? अर्धं खरं आहे. अशा मशीनला एका गाडीमागं साधारण 130 ते 250 लिटर पाणी लागतं. म्हणजे पाइपाइतकंच, कधी त्याहूनही जास्त. वाचतं ते फक्त तेच पाणी पुन्हा वापरलं तर. त्यासाठी जमिनीखाली टाक्या लागतात. पहिल्या टाकीत माती आणि वाळू खाली बसते. दुसरीत तेल आणि ग्रीस वर तरंगतं, ते वेगळं काढतात. मग पाणी वाळूच्या गाळणीतून जातं. साठलेल्या पाण्याला वास येऊ नये म्हणून त्यात हवा किंवा ओझोन सोडतात. हे पाणी पुढच्या गाडीच्या पहिल्या फवाऱ्याला आणि ब्रशला वापरतात. शेवटचं खंगाळणं ताज्या पाण्यानंच करावं लागतं, कारण वापरलेल्या पाण्यात क्षार वाढत जातात आणि काचेवर पांढरे डाग उठतात. अशी सोय नीट चालली तर एका गाडीला ताजं पाणी 40 ते 80 लिटरच लागतं.

म्हणजे हिशेब असा. मोकळा पाइप सगळ्यात वाईट. पाणी पुन्हा न वापरणारं मशीन त्याच्याच पंगतीला बसतं. पाणी पुन्हा वापरणारं मशीन, प्रेशर पंप आणि तीन बादल्या, हे तिघं साधारण एका रांगेत येतात. आणि त्या तिघांत सगळ्यात स्वस्त आहे ती बादली.

हे पाणी येतं कुठून

पिंपरी-चिंचवडचं बरंचसं पाणी पवना धरणातून येतं. ते नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत पोचतं, तिथून उचलून निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध करतात आणि मग नळाला सोडतात. तुरटी, क्लोरीन, वीज, पंप, माणसांची मेहनत, एवढं सगळं त्या पाण्यावर खर्च झालेलं असतं. नोव्हेंबर 2019 मध्ये शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. थोड्या दिवसांची अडचण असेल असं तेव्हा वाटलं, पण ते वर्षानुवर्षं चालत राहिलं. पाणी यायच्या दिवशी पिंप, कळश्या, हंडे भरून ठेवणाऱ्या बाया शहरातही आहेत.

आणि हे पाणी नुसतं शहराचं नाही. पवना धरणातून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. ते काम पुढं बरीच वर्षं थांबून राहिलं. कोण बरोबर, कोण चूक, यात आज आम्ही जात नाही. पण ज्या पाण्यासाठी माणसं जिवानिशी गेली, ते पाणी गटारात सोडताना हात थोडा आखडायला हवा, एवढं आम्हाला वाटतं.

दुसरीकडेही हेच चाललंय. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत पाण्याची टंचाई झाली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतल्यास 5,000 रुपये दंड लावला. म्हणून सोसायटीनं पाइप बंद केला, यात आम्हाला काही वावगं दिसत नाही. पाइप बंद झाला म्हणून ताईंचं काम बंद व्हायचं कारण नाही, हे मात्र दाखवून द्यायला हवं होतं.

धुतलेलं पाणी जातं कुठं

गाडी धुतलेल्या पाण्यात नुसती माती नसते. इंजिनचं तेल, ग्रीस, ब्रेकची काळी भुकटी, टायरचा झिजलेला रबर आणि साबण असतो. रस्त्यावर धुतलेल्या गाडीचं पाणी पावसाळी गटारात जातं, गटारातून नाल्यात, नाल्यातून पवनेत. पावसाळी गटाराचं पाणी सहसा कुठल्याही शुद्धीकरण केंद्रातून जात नाही. इंद्रायणीवर आळंदीत फेस तरंगताना आपण पाहिला आहे. तो काही गाड्या धुतल्यानं होत नाही, त्याचं मोठं कारण सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी आहे. पण आपला वाटा लहान आहे म्हणून तो टाकत राहावा, असं नाही. जर्मनीत बऱ्याच गावांत रस्त्यावर किंवा अंगणात गाडी धुवायला याच कारणानं बंदी आहे. तेल मातीत मुरून भूजलात उतरतं, हे त्यामागचं कारण.

इथं मशीनची बाजू खरोखर भक्कम आहे. तिथलं पाणी टाकीत साठतं, तेल वेगळं होतं. अर्थात टाकी साफ करून गाळ योग्य जागी दिला तरच. गाळ रात्रीतून ओढ्यात नेऊन टाकला, तर मशीन काय आणि पाइप काय, एकच.

गाडीच्या अंगाला काय सोसतं

गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. तो माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. धुळीत वाळूचे कण असतात. कोरड्या धुळीवरून फडकं फिरवलं की तेच कण पॉलिश पेपरसारखे घासले जातात. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक वेळा यातून आलेले असतात. हे हातानंही होतं आणि मशीनच्या ब्रशनंही होतं. आधीच्या गाडीची वाळू ब्रशमध्ये अडकली असेल तर ती पुढच्या गाडीला लागते. म्हणजे हात चांगला की मशीन चांगलं, हा प्रश्नच नाही. फडकं आणि ब्रश स्वच्छ आहे का, आणि धूळ आधी भिजवली का, हा प्रश्न आहे.

आमच्या ताईंनी बसवलेली पद्धत अशी आहे:

पहिली बादली झारीत भरायची आणि वरून खाली पाणी घालून सगळी धूळ भिजवायची. पाच मिनिटं तशीच ठेवायची. पक्ष्याची घाण असेल तिथं ओलं फडकं ठेवून द्यायचं, खरवडायचं नाही.

दुसऱ्या बादलीचं पाणी दोन भांड्यांत निम्मं निम्मं करायचं. एकात गाडीचा शाम्पू, दुसऱ्यात साधं पाणी. शाम्पूत फडकं बुडवायचं, एक भाग पुसायचा, मग साध्या पाण्यात फडकं खळबळून पुन्हा शाम्पूत बुडवायचं. माती साध्या पाण्यात राहते, गाडीवर परत जात नाही. आधी टप, मग काचा, मग दारं, शेवटी खालची कड. चाकांचं फडकं वेगळंच ठेवायचं.

तिसरी बादली खंगाळायला. मग मऊ कापडानं लगेच पुसून घ्यायचं, नाहीतर बोअरच्या जड पाण्याचे डाग पडतात. कपड्याची पावडर वापरायची नाही, ती गाडीची चकाकी उतरवते आणि आपल्या हातांची कातडीही. आणि भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर धुवायचं नाही.

रोज धुवायचीही गरज नसते. रोज अर्धी बादली पाणी आणि ओलं, स्वच्छ फडकं पुरतं, फक्त फडकं पुन्हा पुन्हा पिळून घ्यायचं. आठवड्यातून एकदा तीन बादल्या.

मोठ्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र असतं. ते पाणी नीट शुद्ध होत असेल, वास येत नसेल, तर पहिल्या बादलीला मागून घ्या. हातमोजे मात्र घाला, आणि ते पाणी जोराच्या फवाऱ्यानं उडवू नका. हातमोज्यांचे पैसे मालकाकडे मागायला लाजू नका. दिवसभर ओल्यात आणि साबणात असणाऱ्या हाताला भेगा पडतात, मग त्याच हातानं घरी मिरच्या कांडायच्या असतात.

ताईंच्या कामाचं काय झालं

ताई आणि आम्ही दोघी-तिघी सोसायटीच्या सचिवांना भेटलो. 190 लिटर आणि 45 लिटर हे दोन आकडे कागदावर लिहून नेले. बादलीची पद्धत तिथंच एक गाडी धुऊन दाखवली. सचिव म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर फलकावर बादलीला परवानगी असं लिहिलं असतं." मग तसं लिहिलं.

मशीनवर जाणाऱ्या मालकांपैकी एक अजून मशीनवरच जातात. पण मशीन गाडी बाहेरून धुतं. आतली धूळ, पायपुसणी, सीटच्या फटीतले बिस्किटांचे तुकडे, दाराच्या कडा, डिकीतला चिखल, हे हातानंच काढावं लागतं. त्या मालकांनी ताईंना महिन्यातून दोनदा आतली सफाई दिली आणि त्याचे वेगळे पैसे ठरले. सातपैकी एक गाडी पूर्णपणे सुटली. सहा राहिल्या. सगळं गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. सहा गाड्यांची कमाई सातांपेक्षा कमीच. पण ताईंच्या हातात आता दाखवण्यासारखा हिशेब आहे, आणि नवीन गाडी मिळवताना त्या तोच पुढं करतात.

कर्ज काढणाऱ्या गटासाठी

आता चाकणच्या बाजूच्या गटाचा प्रश्न. हे आकडे "समजा" म्हणून घ्या, तुमच्या गावचे तुम्ही टाका.

समजा प्रेशर पंप घेऊन हातानं काम करायचं. जागेचं भाडं 8,000, कर्जाचा हप्ता 9,000, दोन बायांचा पगार 20,000, वीज 3,000. महिन्याचा खर्च 40,000. शाम्पू-पाणी वजा जाता एका गाडीमागं 200 रुपये उरले, तर खर्च भरून निघायला महिन्याला 200 गाड्या हव्यात. कामाचे 25 दिवस धरले तर रोज आठ.

समजा ऑटोमॅटिक मशीन घेतलं. भाडं तेच 8,000, हप्ता 45,000, एकीचा पगार 10,000, वीज 8,000. झाले 71,000. आता महिन्याला 355 गाड्या हव्यात, म्हणजे रोज चौदा-पंधरा. आणि एका बाईचा रोजगार कमी झाला. गट काढला कशासाठी, हे इथं थांबून स्वतःला विचारा. शिवाय पावसाळ्यात लोक गाडी धुवायला येत नाहीत. गाडी येत नाही, पण हप्ता येतोच.

सही करण्याआधी मशीन विकणाऱ्याला आणि स्वतःला हे विचारा. पाणी कुठून येणार, आणि उन्हाळ्यात बोअर आटला तर काय? पाणी पुन्हा वापरायच्या टाक्या या किमतीत आहेत, की वेगळ्या? गाळ आणि तेल कोण, कुठं नेणार? ग्रामपंचायत किंवा महापालिकेची परवानगी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, ते त्या-त्या कार्यालयात जाऊन कोणी विचारलं? मशीन बिघडलं तर दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो? आणि ही उत्तरं लेखी मिळतील का?

त्या गटानं मशीन घेतलं नाही. आधी सहा महिने पंपावर काम करायचं, दुचाकी आणि टेम्पोही घ्यायचे, रोज किती गाड्या येतात ते वहीत लिहायचं, आणि मग ठरवायचं, असा ठराव त्यांनी केला. पहिला खर्च त्यांनी गाळ बसायच्या टाकीवर करायचं ठरवलं, हे आम्हाला फार आवडलं.

आपल्या दारातली गोष्ट

ज्यांच्या दारात चारचाकी नाही, त्यांच्या दारात दुचाकी, ट्रॅक्टर किंवा फवारणीचा पंप असतो. दुचाकी एका बादलीत होते. ट्रॅक्टर नदीत किंवा ओढ्यात घालून धुऊ नका, डिझेल आणि तेल तसंच पाण्यात उतरतं. आणि फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर, हापशावर किंवा ओढ्यात कधीही धुऊ नका. औषधाचा अंश पिण्याच्या पाण्यात जातो. तो त्याच शेतात, पाण्याच्या जागेपासून लांब धुवा.

एक काम तुम्हाला देतो. पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीनं आपल्या नळाखाली बादली धरावी आणि भरायला किती वेळ लागतो ते लिहून आणावं. मग कपडे, भांडी, गुरं, गाडी, कशाला किती पाणी जातं ते सगळ्या मिळून मांडू. मोजलं की बोलता येतं, आणि बोलता आलं की ऐकावंच लागतं. त्या सोसायटीत आम्ही हेच पाहिलं.